चांगोची भेंडी

"अहो, तोंडात काय आहे?"

काही नाही, अशा अर्थाने मगदूमांनी मान हलवली. पण त्यांचा उजवा गाल फुगलेला होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून एक हिरवट तार लोंबत होती. त्यांच्या मागे लाल कापड अंथरलेल्या चौरंगावर एक लाकडी काठवट होती. काठवटीत मक्याच्या पिठाची पिवळीधमक उकड, तिच्यावर भेंडीची पातळ भाजी, आणि मधोमध कुणीतरी नुकताच खणलेला खड्डा.

माझ्या शेजारी एउलालियाबाई उभ्या होत्या. त्यांनी काठवटीकडे पाहिलं, मगदूमांकडे पाहिलं आणि छातीवर हात मारून अशी किंकाळी फोडली, की बाहेर अंगणात वाजणारे तिन्ही ढोल एकदम गप्प झाले.

मगदूम म्हणजे माझे यजमान. भूपाल मगदूम, साखर तंत्रज्ञ. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तरी मनातल्या मनात मी त्यांना आडनावानेच हाक मारायचे, कारण नावाने हाक मारण्याएवढी आमची ओळखच झालेली नव्हती.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालातली, क्यूबातल्या मातान्सास गावची. तिथल्या सरकारने आपल्याकडचे चार साखरवाले बोलावून घेतले होते, त्यात सांगलीकडच्या कारखान्यातून मगदूमांचा नंबर लागला. मी जयसिंगपूरची, नुकतीच बी. ए. झालेली. क्यूबा कुठे आहे हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. परदेश आहे, मुलगा आपल्याच जैनांतला आहे, निर्व्यसनी आहे, एवढं वडिलांना पुरलं.

निर्व्यसनी तर मगदूम इतके होते, की त्यांना बोलायचंही व्यसन नव्हतं. सकाळी "येतो", संध्याकाळी "आलो". मध्ये मी काही सांगितलं तर "हं". चहा दिला की घोटभर घेऊन डोळे मिटायचे. मला वाटायचं, आता चांगला झालाय म्हणतील. ते म्हणायचे, "साखर अकरा टक्के."

असे बरेच महिने काढले आणि एक दिवस जेवताना मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मला इथं करमत नाही. माणूस नाही बोलायला, भाजी नाही खायला. रोज काळा घेवडा आणि भात. निदान एक भेंडी मिळाली असती तरी राहिले असते! मला घरी जायचंय."

"हं," मगदूम म्हणाले.

पुढच्या आठवड्यात टेबलावर तिकीट. हवाना ते मॉस्को, मॉस्को ते दिल्ली. एकटीचं, आणि परतीचं नाही. मी तिकिटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"खिडकीची जागा मिळेल," ते म्हणाले.

आमच्या संसारातलं ते तोवरचं सगळ्यात लांब वाक्य होतं. त्याच क्षणी मी ठरवलं की एकदा गेले की परत यायचं नाही. घरी काय सांगायचं तेही ठरवलं. यांना नको असेन तर मलाही नकोत.

विमान दोन महिन्यांनी, एका गुरुवारचं होतं आणि आधीच्या रविवारी एउलालियाबाईंकडे ढोल होते. बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. साठीच्या, काळ्याभोर, उंच, चालताना जिना हलायचा. रेशनच्या रांगेत त्यांच्या मागे उभं राहून राहूनच मी स्पॅनिश शिकले होते. "जायच्या आधी माझ्या चांगोला भेटून जा," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या त्या मुक्यालाही आण."

चांगो हे त्यांचं दैवत. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं बाई चांगभलं म्हणतायत, ज्योतिबाच्या डोंगरावर म्हणतात तसं. मूर्ती मात्र चौरंगावर एका गोऱ्या ख्रिस्ती बाईची होती, हातात तलवार घेतलेली.

"हा पुरुष आहे ना?" मी विचारलं होतं.

उत्तर दिलं चेंचोंनी. चेंचो म्हणजे एउलालियाबाईंचे धाकटे भाऊ. वाळक्या सुपारीसारखे, सगळे दात शाबूत, आणि हाताचे पंजे एखाद्या दुप्पट मोठ्या माणसाकडून मागून आणल्यासारखे. "पुरुष तर पुरुष! राजा होता तो आफ्रिकेत. खाण्यापिण्याचा शौकीन, नाचण्याचा शौकीन, बायकांचा शौकीन. पण मळ्याचे मालक आमच्या लोकांना आमचा देव पुजू द्यायचे नाहीत. मग त्यांनी मालकांची देवी पुढं मांडली आणि मागं आपला राजा उभा केला. मालक खूश, राजाही खूश. बायकांच्या आडोशाला उभं राहायची त्याला सवयच होती."

ढोल त्याचेच. तीन. आपल्या मृदंगासारखे आडवे मांडीवर घेऊन दोन्ही तोंडांवर वाजवायचे, पण कमरेत बारीक आणि एक तोंड मोठं, एक लहान. सगळ्यात मोठ्याच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा. त्याला ते 'इया' म्हणायचे. इया म्हणजे आई. आई विचारते, मधला उत्तर देतो आणि धाकटा आपलं एकच पालुपद धरून बसतो, असं चेंचोंनी सांगितलं. मी नवलाने हात पुढे केला तर त्यांनी ढोल झटकन मागे घेतला. बाईमाणसाने या ढोलांना शिवायचं नसतं. "नाचायला मात्र बंदी नाही," ते म्हणाले.

"एवढे जुने ढोल आफ्रिकेतून आणले?"

"जुने? हा माझ्या आजोबांनी इथं केला." चेंचो हसले, पण थोडंसंच. "तुम्ही साखरेसाठी विमानातून आलात. आम्हाला साखरेसाठी बोटींतून आणलं, साखळ्या घालून. ढोल कोण आणू देणार? पण हात तर बरोबर होते. हातांना आठवत होतं. इथं लाकूड मिळालं, कातडं मिळालं. झालं."

मग त्यांनी मला ढोल बोलवून दाखवला. त्यांच्या पूर्वजांच्या भाषेत म्हणे शब्द वर-खाली सुरात बोलतात. सूर बदलला की अर्थ बदलतो. म्हणून ढोलाच्या मोठ्या तोंडावर खालचा सूर, लहान तोंडावर वरचा सूर असं वाजवलं की ढोल सरळ वाक्य बोलतो. त्यांनी चार टोले मारले. "हे काय म्हटलं माहितीये? राजेसाहेब, उठा."

"मराठी बोलेल का हो?"

"ज्याला बोलायचंय त्याची कुठलीही भाषा बोलेल," चेंचो म्हणाले.

तर अशा त्या रविवारी दुपारपासून ढोल चालू होते. अंगणात चाळीसेक माणसं. प्रत्येक देवाचा ताल वेगळा. एकाचा संपला की दुसऱ्याचा. एक जण गाण्याची ओळ टाकायचा आणि बाकी सगळे ती उचलून धरायचे. मला मजा यायला लागली होती. मगदूम भिंतीला टेकून उभे होते आणि दर थोड्या वेळाने आकाशाकडे बघत होते. कारण सोपं होतं. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर ते अन्नाला शिवायचे नाहीत. डिसेंबरचा दिवस लहान, आणि जेवणं ढोल संपल्यावर. जरा वेळाने भिंतीपाशी पाहिलं तर मगदूम नाहीत. त्यानंतर मी एउलालियाबाईंबरोबर देवाच्या खोलीत गेले आणि मघाशी सांगितला तो प्रकार पाहिला.

"राजाचं जेवण!" एउलालियाबाई ओरडत होत्या. "माझ्या राजाचा आवडता घास! याने राजाच्या ताटात हात घातला!"

"अहो, हे देवाचं होतं," मी मगदूमांना म्हणाले. "नैवेद्य होता तो!"

मगदूमांनी घास गिळला. पांढरेफटक पडले. मला वाटलं, आता क्षमा मागतील.

"यात मटण नव्हतं ना?" ते म्हणाले.

"काय?"

"विचार त्यांना. लवकर विचार. यात मटण आहे का?"

मलाही धसका बसला. मी घाईघाईने एउलालियाबाईंना विचारलं, "बाई, यात मटण आहे का?"

बाईंचा ओरडा एकदम थांबला. डोळ्यांत पाणी आलं. "बघा रे!" त्या दारात जमलेल्या लोकांना म्हणाल्या. "देवाचं ताट उष्टं केलं, आणि वर मटण नाही म्हणून नाव ठेवतोय! घालते हो मी दरवर्षी मेंढ्याचं मटण! या वर्षी नाही मिळाला मेंढा. नुसती भेंडी केली. गरिबाची लाज काढायला आलात का?"

"नाहीये," मी मगदूमांना सांगितलं.

मगदूमांनी डोळे मिटले, वर तोंड केलं आणि हात जोडून दीर्घ श्वास सोडला. बाईंना ती चेष्टा वाटली. त्या कोपऱ्यातला झाडू शोधू लागल्या.

तेवढ्यात चेंचो आत आले. त्यांनी काठवटीतला खड्डा पाहिला, मगदूमांची हनुवटी पाहिली, आणि झाडू बहिणीच्या हातातून काढून घेतला.

"चांगोच्या घरात खाल्लं म्हणून कुणाला मारत नाहीत," ते म्हणाले. "राजाला खाणारा माणूस आवडतो. पण फुकट खाणारा नाही. हा राजाचं जेवलाय, तर राजासाठी नाचेल. मुली, सांग त्याला. ढोल वाजतोय तोवर थांबायचं नाही. ढोल थांबला की सगळं माफ."

मी सांगितलं, पण मनात म्हटलं, संपलं. मगदूम आणि नाच! आमच्या वरातीत बँडवाले घाम गाळत होते, मित्र रस्त्यावर लोळत होते, आणि नवरदेव घोडेवाल्याला विचारत होते की घोड्याला रोज गूळ किती घालता.

पण मगदूम म्हणाले, "चूक झाली आहे. भरपाई केली पाहिजे." त्यांनी बूट काढून भिंतीशी जोडीने लावले, खिशातलं पेन माझ्याकडे दिलं आणि अंगणाच्या मधोमध जाऊन ढोलांसमोर सावधानमध्ये उभे राहिले.

चेंचोंनी इया मांडीवर घेतली. चांगोचा ताल सुरू झाला. घनघोर असतो तो, आभाळ गडगडल्यासारखा. आणि माझ्या नवऱ्याने त्यावर शाळेतली कवायत सुरू केली. एक, दोन, तीन, चार. हात वर, हात बाजूला, हात पुढे, हात खाली. चेहरा बॉयलरची पाहणी करतानाचा. ढोल एकीकडे चालला होता, मगदूम दुसरीकडे, आणि दोघांची कुठे गाठच पडत नव्हती. पोरं खाली बसून हसत होती. मी पदर तोंडावर घेतला.

मग त्यांचा डावा पाय थरथरला.

आधी नुसता थरथरला. मग झटका बसला. मगदूम कवायत विसरले. त्यांनी डावा पाय वर उचलला, झाडला, खाली आपटला, पुन्हा झाडला. कमरेत वाकडे झाले. एक हात मांडीवर दाबून गोल गोल फिरू लागले. तोंडाने "स्स, स्स" असा आवाज. डोळे मोठे झालेले.

हसणं थांबलं. एक म्हातारा उठून उभा राहिला. एउलालियाबाईंनी दोन्ही हात वर केले आणि घोगऱ्या आवाजात आरोळी दिली, "काबिओसिले!"

चांगो आल्यावर हीच आरोळी देतात. सगळं अंगण ओरडलं, "काबिओसिले!"

मला घाम फुटला. धनगरी ढोल लागला की माणसांच्या अंगात येतं ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. इथंही तसंच येतं हे माहीत होतं. पण ते मगदूमांच्या अंगात? एउलालियाबाई मघाचं सगळं विसरल्या. पळत आत गेल्या आणि चांगोचं लाल सॅटिनचं वस्त्र आणून त्यांनी मगदूमांच्या कमरेला गुंडाळलं. हातात दुधारी लाकडी कुऱ्हाड दिली. मगदूमांनी ती घेतली. कुणी काही हातात दिलं तर ते घ्यायचेच, सभ्य माणूस.

ढोल आणखी पेटले. अंगात आलेलं असताना ढोल थांबवायचे नसतात. आणि मगदूमांना तर सांगितलं होतं की ढोल थांबेपर्यंत थांबायचं नाही. म्हणजे ते यांच्यासाठी थांबत नव्हते आणि हे त्यांच्यासाठी. हा घोळ त्या अख्ख्या अंगणात मला एकटीला कळला होता, आणि ढोलांच्या आवाजात माझं कुणाला ऐकू येत नव्हतं.

लोक पुढे येऊ लागले. देव आला की लोक गाऱ्हाणी मांडतात, जगात कुठेही जा. पहिला आला एक जाडजूड कोळी. त्याने पायांशी वाकून विचारलं, "बाबा, घरात शांतता नाही. काय करू?"

मगदूमांना स्पॅनिश यायचं ते कारखान्यापुरतं. पंधरा-वीस वाक्यं. अर्धी वस्ती कारखान्यात कामाला, तेव्हा त्यांना वाटलं असणार, हा माणूस कामाचंच विचारतोय. पाय झाडत, धापा टाकत ते म्हणाले, "तिसरी बंद कर! ताबडतोब!"

तिसरी मिल, असं त्यांना म्हणायचं होतं. कोळी जागच्या जागी गोठला. त्याने चोरट्या नजरेने मागे पाहिलं. मागे त्याची बायको उभी होती.

"तिसरी?" बायको म्हणाली. "दुसरी मला माहीत होती. तिसरी कोण?"

ते दोघं अंगणाबाहेर गेले, तो पुढे आणि ती मागे. गर्दीत कुजबूज झाली. हा खराच आहे!

मग एक म्हातारी आली, गुडघे धरून. मगदूम म्हणाले, "चुना कमी पडतोय." उसाच्या रसात घालतात त्या चुन्याबद्दल. म्हातारी रडायलाच लागली. डॉक्टरही तिला गेले वर्षभर हाडांत चुना कमी आहे असंच सांगत होता म्हणे. तिने वाकून त्यांच्या झाडणाऱ्या पायाला हात लावला, तो हात जरा निरखून पाहिला, आणि भक्तिभावाने कपाळाला पुसला.

"आता तू," एउलालियाबाईंनी मला पाठीतून ढकललं. "तू समुद्रापार निघालीस. राजाला विचारून जा!"

अशी मी माझ्या नवऱ्यासमोर उभी राहिले. लाल वस्त्र, हातात कुऱ्हाड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, घामाने थबथबलेले. मी ओरडून विचारलं, "अहो, तुमच्या अंगात आलंय का?"

"माझ्या पँटमध्ये आलंय!" मगदूम ओरडले.

"काय?"

"भेंडी! खिशात रुमाल होता, तो सुटला! पायावरून खाली उतरतेय!"

"भेंडी खिशात कशाला घातलीत?"

"मग देऊ कशी तुला?" ते गोल फिरून आले. "मी खाल्ली नाही! नुसती चाखली, तिखट आहे का ते पाहायला! बाकीची रुमालात बांधत होतो, तेवढ्यात तुम्ही आलात!"

"माझ्यासाठी?"

"तूच म्हणालीस ना! एक भेंडी मिळाली असती तर राहिले असते! दोन महिने शोधतोय मी! कारखान्यात विचारलं, बाजारात विचारलं! आज दिसली!"

माझ्या मागे लोक भारावून ऐकत होते. एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता की ही जुनी भाषा आहे, आफ्रिकेतली, त्याची आजी मरताना अस्संच बोलली होती. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं डोकं फिरलं होतं.

"मग तिकीट का काढलंत?"

"तू जायचं म्हणालीस!"

"मी म्हणाले म्हणून लगेच काढायचं? तेही एकटीचं? एकदा नको म्हणता येत नाही?"

"तू रडत होतीस! रडणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं?"

"मला वाटलं तुम्हाला मी नकोय!"

मगदूम थांबले. म्हणजे पाय थांबला नाही, पाय चालूच होता, पण चेहरा थांबला. ते माझ्याकडे पाहत राहिले. वर्षभरात त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. मग त्यांचे ओठ हलले. ढोलांच्या दणदणाटात मला काही ऐकू आलं नाही.

"काय? ऐकू येत नाही!"

ते पुन्हा काहीतरी म्हणाले.

"मोठ्याने बोला हो! जन्मात एकदा तरी मोठ्याने बोला!"

मगदूमांनी कुऱ्हाड वर उचलली, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या मातान्सासला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "जाऊ नकोस!"

क्षणभर नुसते ढोल. आणि मग, देवाने ओळ टाकली की बाकीच्यांनी ती उचलायची असते, म्हणून त्या चाळीस माणसांनी ती उचलली.

"याऊ नोकोस!"

"जाऊ नकोस!" मगदूम पुन्हा ओरडले. त्यांना आता थांबताच येईना.

"याऊ नोकोस!" सगळं अंगण गायलं. टाळ्या धरल्या. पोरं, बायका, तो आजीवाला म्हातारा, शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आलेली बाई, सगळे माझ्याकडे बघत गात होते. आणि चेंचोंनी मान वाकडी करून एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, आणि तिसऱ्या वेळेला इया स्वतःच बोलली. मोठ्या तोंडावर दोन सावकाश टोले, लहान तोंडावर एक तुटका, पुन्हा मोठ्यावर एक भरदार. जा, ऊ, न, कोस. शंका घ्यायला जागाच नव्हती. शुद्ध मराठी. मधल्या ढोलाने तेच म्हटलं. धाकट्यानेही आपलं पालुपद सोडलं आणि तेच म्हटलं.

मी पुष्कळ रडले आणि पुष्कळ हसले. कुठलं आधी ते आठवत नाही. "नाही जात!" मी म्हणाले.

"काय?" मगदूम ओरडले.

"नाही जात! नाही जात!"

ही ओळ कुणी उचलली नाही. त्यांना पहिलीच आवडली होती.

मला तेव्हा नाच येत नव्हता. पण बाईमाणसाला नाचायला बंदी नाही हे मला सांगितलेलं होतं, म्हणून मी पदर खोचला आणि मगदूमांच्या समोर फुगडीची पावलं टाकायला सुरुवात केली. ते पाय झाडत होते, मी फेर धरत होते. मग सूर्य बुडाला. तो बुडाला की ते पवित्र ढोल थांबवावेच लागतात, मग देव असो की माणूस. चेंचोंनी शेवटचा टोला मारला आणि मगदूम होते तिथंच फरशीवर बसले.

एउलालियाबाईंनी त्यांना वारा घातला, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एक मोठं ताट वाढून आणलं. सूर्य मावळला होता, त्यामुळे मगदूमांनी हात जोडून नको म्हटलं. ताट मी संपवलं.

वर घरी जाताना ते जिन्यावर मध्येच थांबले. "ते तिकीट," ते म्हणाले. "परत घेतात. मी काढायच्या आधीच विचारून ठेवलं होतं."

आम्ही त्या गावात आणखी तीन वर्षं राहिलो. मोठी मुलगी तिथंच झाली. मगदूम पुढे काही फार बोलके झाले नाहीत, पण बोलायला लागले. आता तर टीव्हीवरच्या बातम्यांनाही उत्तरं देतात, मला बातम्याच ऐकू येत नाहीत.

त्या गुरुवारी, विमान माझ्याशिवाय उडालं त्या दिवशी, मी एउलालियाबाईंचं लाल वस्त्र धुऊन, इस्त्री करून परत द्यायला खाली गेले. भेंडीचे डाग तीन पाण्यांत निघाले होते. बाई रांगेत गेल्या होत्या. दारात चेंचो एका ढोलाच्या सैल झालेल्या वाद्या आवळत बसले होते. मी वस्त्र खुर्चीवर ठेवलं, आणि चार दिवस गिळून ठेवलेलं विचारूनच टाकलं.

"चेंचो, रविवारी खरंच देव आला होता का हो?"

"चांगो?" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "अगं, ढोल त्याचे! ढोलांचा मालक असा बेताल नाचेल? तुझा नवरा एकदाही समेवर आला नाही. एकदाही! चुकूनसुद्धा नाही! पन्नास वर्षं वाजवतोय मी, असा माणूस पाहिला नाही."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं?"

"पहिल्या झटक्याला."

"मग वाजवायचं थांबला का नाहीत?"

"अंगात आलेलं असताना थांबत नसतात," चेंचो म्हणाले.

"पण आत्ताच तर म्हणालात..."

"चांगो नव्हता म्हणालो. अंगात कुणीच नव्हतं असं कुठं म्हणालो?"

"मग कोण होतं?"

चेंचोंनी वादी दातांत धरून ओढली, गाठ पक्की केली, आणि बोटाने दाखवावं तसं हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.